सातरा म्हणजे काय?

मागच्या महिन्यात नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या सभेत लेखन केंद्राचा प्रस्ताव आला आणि चहा येईपर्यंत त्याचं पार भरीत झालं. प्रस्ताव साधा होता. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल. आठवड्यातून तीन दुपारी वरच्या वर्गांतली दोन-तीन मुलं आणि एक शिक्षक तिथे बसणार. ज्याच्याकडे प्रकल्पाचा, निबंधाचा कच्चा मसुदा असेल त्यानं यावं, कोणीतरी तो त्याच्यासमोर वाचेल, अडेल तिथे विचारेल, मग त्यानं घरी जाऊन पुन्हा लिहावं. यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "म्हणजे आता कॉपीसाठी आपणच खोली द्यायची?" प्रस्तावाच्या बाजूचे लोक तावातावानं उठले आणि त्यांनी जो बचाव केला तो हल्ल्यापेक्षा वाईट होता. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या समितीच्या भेटीच्या वेळी दाखवायला एक कक्ष वाढेल, मुलांचं इंग्रजी सुधारेल, कंपन्या मुलाखतींना येतात तेव्हा बरं दिसेल. प्रस्ताव 'नियमात बसतो का ते पाहावे' असा शेरा घेऊन परत गेला.

मला दोन्ही बाजू एकाच चुकीच्या पायावर उभ्या दिसतात. विचार आधी डोक्यात पुरा होतो आणि लेखन ही त्यावरची शिलाई, असं दोघंही धरून चालतात. एकाला वाटतं, शिलाई दुसऱ्यानं केली तर कापड चोरीचं. दुसऱ्याला वाटतं, एक शिंपी ठेवला की कॉलेज कसं टापटीप दिसेल. माझं म्हणणं असं की केंद्र म्हणजे शिंप्याचं दुकान असेल तर ते उघडूच नये. पण एका कच्च्या मसुद्यावर दोन माणसं डोकं लावतात तेव्हा तिथे जे घडतं ते संशोधनच असतं, आणि त्या टेबलावर वर्षभर जे येतं ते कोणी टिपून ठेवलं तर महाविद्यालयाला स्वतःबद्दल जे कळेल ते दुसरीकडे कुठेही कळणार नाही. केंद्र हवं ते यासाठी.

उदाहरण देतो. गेली दोन वर्षं मी शनिवारी दुपारी, कोणाच्याही ठरावाशिवाय, असं एक टेबल मांडून बसतो. कूलर आहे, त्याची ताटी बदलायला झाली आहे, पण बसता येतं. गेल्या मार्चमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली, भिवापूरकडची. अर्थशास्त्राचा प्रकल्प, विषय ग्रामीण महिला मजुरांची आर्थिक स्थिती. पहिली अकरा पानं कोणीही, कुठेही बसून लिहिली असती अशी: महिला सक्षमीकरणाची व्याख्या, तिचं महत्त्व, उद्दिष्टं, गृहीतकं. बाराव्या पानावर अचानक एक जिवंत वाक्य होतं. "सातऱ्यावर काम करणाऱ्या महिलांना किलोप्रमाणे मजुरी मिळते." 'सातऱ्यावर'भोवती लाल गोल आणि समासात शेरा: अप्रमाण. ती तो शब्द काढून 'मिरची प्रक्रिया केंद्रावर' असं लिहायला निघाली होती, एवढंच विचारायला आली होती की 'प्रक्रिया'तला 'क्रि' ऱ्हस्व की दीर्घ.

तिच्यासमोर एम.ए.चा एक मुलगा बसला होता, काटोलचा. संत्र्याच्या भागातला, त्याला हा शब्द ठाऊक नव्हता. "हे सातरा म्हणजे काय असते?" त्यानं विचारलं. "तुमच्याकडं नसते का? मिरचीचा सातरा," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. तोडून आलेली लाल मिरची मोकळ्या जागेत पसरलेली असते, बाया ओळीनं बसून देठ तोडतात, रात्री बोटांची आग होते, लहान पोर कडेवर असेल तर त्याला हात लावायची पंचाईत. मुलानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किलोनं पैसे म्हणते, तं किलो कोणता? देठासकटचा की देठ तोडल्यावरचा?" ती गप्प झाली. "हे तं मी विचारलंच नाही." पुढच्या शनिवारी ती विचारून आली. तिनं पाहिलेल्या सातऱ्यांवर रीत एक नव्हती. कुठे वजन आधी होतं, कुठे नंतर, आणि बायांना तो फरक पुरता ठाऊक होता. कोणाकडे कामाला जायचं हे त्या त्यावरून ठरवत होत्या. तिच्या प्रकल्पात अर्थशास्त्र आलं ते इथे, सक्षमीकरणाच्या व्याख्येत नव्हे.

आता सांगा, हा प्रकल्प कोणी लिहिला? काटोलच्या मुलानं त्यात एक अक्षर घातलं नाही. त्यानं फक्त आपल्याला कळलं नाही हे मोकळेपणानं कबूल केलं. ज्या मॅडमनी लाल गोल केला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे अशा प्रकल्पांचा गठ्ठा असतो आणि गठ्ठा तपासताना कोणी 'म्हणजे काय' असं विचारत बसत नाही. विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्याच वेळापत्रकात नाही.

कॉपीचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प नाव बदलून, स्पायरल बाइंडिंगसकट मिळतो, हे आपल्या शहरात कोणाला माहीत नाही? मदतीच्या नावाखाली तेच काम महाविद्यालयाच्या छपराखाली सुरू होऊ शकतं. मी स्वतः एकदा घसरलो आहे. एका मुलाची मुदत दुसऱ्या दिवशी होती, निष्कर्ष जमत नव्हता, मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि पाऊण पान लिहून दिलं. बाहेरच्या परीक्षकांनी नेमक्या त्याच पाऊण पानाचं कौतुक केलं. त्यानंतर तो मुलगा मला जिन्यात भेटला की नजर चुकवायचा, आणि खरं सांगायचं तर मीही त्याची.

पण सभेत या खऱ्या धोक्यावर कोणी बोललं नाही. बोलणं झालं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावर, आणि तेही न वाचता. वाङ्मयचौर्य रोखण्याची आयोगाची 2018 ची नियमावली आहे. आधीच्या लेखनाशी मजकूर किती जुळतो त्यावर तिच्यात साम्याच्या पायऱ्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, त्यावर 60 पर्यंत वर्षभर थांबायचं, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणी रद्द. ही सारी मोजणी पदव्युत्तर व संशोधन पदव्यांच्या प्रबंधांना आणि छापून येणाऱ्या लेखनाला लागू आहे. निबंध, गृहपाठ, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका हे त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहेत. मग ज्या नियमाचा बडगा दाखवून बी.ए.च्या मुलीला कोणाशी बोलू नको म्हणायचं, तो तिच्या प्रकल्पाला लागूच होत नाही. उलट तीच नियमावली संस्थेवर एक काम टाकते: दुसऱ्याचं घेतलं तर कसं सांगायचं, श्रेय कसं द्यायचं हे विद्यार्थ्यांना शिकवा, दर सत्रात त्यासाठी कार्यक्रम घ्या. हे शिकवायचं कुठे? सभागृहात पन्नास स्लाइड दाखवून? श्रेय कसं द्यायचं हे ज्याला त्याला आपापल्या परिच्छेदातच कळतं: हे वाक्य माझं, हे सातऱ्यावरच्या बाईचं, हे पुस्तकातलं.

आणि हो, आपल्याच प्रबंधांचे ऋणनिर्देश जरा काढून वाचा. 'हस्तलिखित बारकाईने वाचून मौलिक सूचना केल्या' असं वाक्य नसलेला प्रबंध मला दाखवा. तिथे जी गोष्ट विद्वत्तेची शोभा, ती बी.ए.च्या मुलीनं केली की कॉपी कशी होते?

मदत कुठे थांबते हे ठरवायला आपल्याला आयोगाची वाट पाहायची गरज नव्हती. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकला करणाऱ्यांनी तीनशे वर्षं आपापल्या ओव्या तिच्यात घुसवल्या होत्या. एकनाथ स्वतः काही लहान कवी नव्हते. मनात आणलं असतं तर दोन-चार ओव्या कोणाला कळू न देता घालणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी पाठ ताडून पाहिले, अपपाठ काढले, आणि शेवटी बजावलं की जो यात आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी ठेवली. दुसऱ्याच्या ग्रंथावर इतकं काम करायचं आणि आपली ओवी घालायची नाही, यापेक्षा स्पष्ट आचारसंहिता लेखन केंद्राला कोणी लिहून देणार आहे? वाचणाऱ्याच्या हातात पेन नको, इतका साधा नियम त्यातून निघतो. शिसपेन्सिल चालेल, तीही फक्त प्रश्नचिन्हापुरती.

दुसरा आक्षेप असा, की मुलं मुलांना काय शिकवणार? आंधळ्याच्या हाती आंधळ्याची काठी. यातही तथ्य आहे. संख्याशास्त्राच्या प्रकल्पात नमुना चुकीचा घेतला असेल तर इतिहासाच्या मुलाला ते दिसणार नाही, आणि न कळता त्यानं मान डोलावली तर नुकसानच. म्हणून शेजारी शिक्षक हवाच. पण शिक्षकच का नाही, याचंही उत्तर अनुभवानं मिळालेलं आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठानं 1970 साली शहरातल्या शाळा उत्तीर्ण केलेल्या सगळ्यांना दारं उघडली. घरात कोणी कॉलेज न पाहिलेली हजारो मुलं आत आली आणि लिहिण्याशी अडखळली. विद्यापीठानं शिक्षकांची मदत देऊ केली, पण मुलं तिकडे फिरकेनात, कारण ती मदत म्हणजे पुन्हा वर्गच होता. ब्रुकलिन कॉलेजच्या केनेथ ब्रुफी यांनी तेव्हा मुलांनाच मुलांसमोर बसवलं, आणि पुढे त्यावरून असं मांडलं की ज्ञान तयार होतं तेच मुळी बरोबरीच्या माणसांच्या बोलण्यातून. त्याच विद्यापीठातल्या मिना शॉनेसी यांनी या मुलांचे सुमारे 4,000 निबंध घेऊन बसायचं ठरवलं. चुकांवर लाल गोल करण्यासाठी नव्हे, त्या चुका का होतात ते पाहायला. 1977 साली त्यांचं पुस्तक आलं, त्याचा गाभा हा, की चुकांनाही तर्क असतो. मूल आळशी नसतं, ते एक नियम चुकीच्या ठिकाणी इमानेइतबारे पाळत असतं. ज्या निबंधांना इतरांनी कचरा म्हटलं त्यातून एक अभ्यासक्षेत्र उभं राहिलं. आपल्याकडे असे गठ्ठे दरवर्षी रद्दीत जातात.

यावर कोणी म्हणेल, आलीच का अमेरिका! लेखन केंद्र हे तिकडचं खूळ. नाव तिकडचं खरं. आयोवा विद्यापीठात 1934 साली लेखनाची प्रयोगशाळा सुरू झाली होती, आणि तिकडेही केंद्राला अनेक वर्षं कच्च्या मुलांचा दवाखाना समजत. स्टीफन नॉर्थ नावाच्या प्राध्यापकानं 1984 साली वैतागून लिहिलं, की आमचं काम लेख दुरुस्त करणं नाही, लिहिणारा घडवणं आहे, आणि हे आमच्याच विभागातल्या लोकांना कळत नाही. म्हणजे आपल्या सभेतली चर्चा तिकडे चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेली. पण काम? काम तिकडचं नाही. नागपूरहून दीड-दोनशे किलोमीटरवर रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते एकट्यानं आठवून नव्हे. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारलं, ऐकलेलं नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. महानुभावांच्या परंपरेत एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ जपले गेले, हा असं म्हणतो, ती तसं म्हणते. मुलाखत, पडताळणी, मतभेदाची नोंद. आज संशोधनपद्धतीच्या पेपरात आपण आणखी काय शिकवतो? आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या लावत, पाठ ताडत लीळाचरित्राची प्रत सिद्ध करणारे वि. भि. कोलते आपल्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. ती प्रत 1978 साली निघाली. केतकरांचा 23 खंडांचा ज्ञानकोश लोक पुण्याचा समजतात, पण तो काढणारं ज्ञानकोश मंडळ स्थापन झालं नागपुरात. एकट्याच्या डोक्यातून कोश निघत नाही, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळत होतं.

आता टिपण्याबद्दल. माझ्या टेबलावर एक साधी दोनशे पानी वही आहे. कोण आलं हे नाव न घालता, कुठे अडलं, काय विचारलं, पुढच्या वेळी काय बदललं. ज्याची नोंद करायची त्याला विचारून करतो. दोघं-तिघं नको म्हणाले, त्यांची नाही केली. वहीत पहिल्यांदा दिसलं ते हे, की मुलं शुद्धलेखनावर अडत नाहीत. शुद्धलेखन ती विचारतात, कारण तेवढंच विचारायची आपण त्यांना सवय लावली आहे. अडतात ती 'मला असं दिसलं' हे म्हणायच्या ठिकाणी. तिथे आली की वाक्याला एकदम सरकारी सदरा चढतो: 'प्रस्तुत अभ्यासावरून असे दिसून येते की'. कोणाला दिसून येते? कुठे उभं राहिल्यावर? ज्या मुलीला सातऱ्यावर बसून सगळं दिसलं होतं तिचाही कर्ता या वाक्यात गायब. हे व्याकरणाचं दुखणं नाही. आपण पाहिलेलं ज्ञान असू शकतं, यावर तिचा विश्वास नाही, आणि तो तिचा तिनं गमावलेला नाही.

दुसरं दिसलं ते शब्दांचं. वर्षभरात वहीत इथल्या शेतीभोवतीच्या शब्दांची एक यादी आपोआप जमली: सातरा, धुरा, बोडी, पऱ्हाटी, आंबिया बहार. यातले बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या प्रकल्पात खोडलेले. आता हे अप्रमाण शब्द आहेत का? बोडी म्हणजे 'लहान तळे' असं लिहिलं की ती कोणाच्या शेतात असते, तिचं पाणी कोणाच्या धानाला जातं, हे सगळं गळून जातं. या त्या त्या व्यवहाराच्या संज्ञा आहेत. दिल्लीहून आलेल्या संशोधकानं आपल्या इंग्रजी निबंधात तिरक्या ठशात 'सातरा' छापलं तर ते क्षेत्रीय अभ्यासाचं वैभव ठरतं. भिवापूरच्या मुलीनं मराठीत लिहिलं तर लाल गोल. हा प्रश्न मराठी विभागाचा की अर्थशास्त्राचा? दोघांचा. आणि हे दोन विभाग एका टेबलाशी बसलेले मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत तर्री पोह्यांच्या ठेल्याशिवाय कुठे पाहिले नाहीत. अशा यादीवर दोन विभागांनी आणि आठ-दहा मुलांनी मिळून एक वर्ष काम केलं तर जे हाती येईल ते नागपूरशिवाय दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाला करता येणार नाही. इथलं मूल बाजारात हिंदी बोलतं, घरी 'करून राहिलो' म्हणतं, वहीत पुण्याची मराठी लिहितं आणि संज्ञा इंग्रजीतून घेतं. या चौघांच्या मध्ये ते कुठे अडतं, हे अमेरिकेचं कुठलं पुस्तक सांगणार?

म्हणूनच प्रस्तावाच्या समर्थकांचा मला जास्त राग येतो. इंग्रजी सुधारणं वाईट नाही, पण केंद्र इंग्रजी विभागाच्या दावणीला बांधलं की मराठी माध्यमाचं मूल तिथे फक्त लाजायला जाईल. नॅकशिवाय खुर्चीही मिळत नाही हे मान्य. पण नॅकसाठी उघडलेल्या किती कक्षांच्या किल्ल्या आज कोणाकडे आहेत, ते एकदा शिपायांना विचारून पाहा. शिवाय कारण शोधायला लांब जायची गरजच नाही. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो आणि त्यात 12 श्रेयांकांचा प्रबंध आहे. आपल्या संलग्न महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम 2024-25 पासून आला, म्हणजे पहिली तुकडी 2027-28 मध्ये प्रबंधाला बसेल. त्या मुलांना प्रबंध लिहायला कोण, कधी, कुठे शिकवणार आहे, हा प्रश्न सभेत एकानंही विचारला नाही.

पैशाचा आक्षेप सगळ्यांत खरा आहे आणि तो सगळ्यांत हळू आवाजात आला. पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरची माणसं तासाच्या हिशोबानं जगतात, त्यांना 'जरा शनिवारी बसा ना' म्हणणं हा निलाजरेपणा आहे. फुकटच्या सेवाभावावर केंद्र चालवू नये, हे मी माझ्याच टेबलाविरुद्ध सांगतो. शिक्षकाचा तास कार्यभारात धरावा, धरता येत नसेल तर उघडू नये. वाचणाऱ्या मुलांसाठी मात्र 'कमवा आणि शिका' आहे. त्यात मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात. दुसऱ्याचा मसुदा लक्ष देऊन वाचणं हे त्याहून हलकं काम आहे का?

राहता राहिलं चॅटजीपीटी. सभेत ते अर्थातच आलं: आता यंत्र सगळं लिहून देतं, केंद्र कशाला? मी त्या मुलीचं बारावं पान तिच्या परवानगीनं यंत्राला दिलं. परत आलं ते 'मिरची प्रक्रिया केंद्रावर' असं लिहून. अगदी शुद्ध, सगळे ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. किलो कोणता, हे त्यानं विचारलं नाही.

परवाच्या शनिवारी तिघं येणार आहेत. एकाचा प्रकल्प कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांवर आहे, नवेगाव बांधकडचा मुलगा. वीस पानं पाठवली आहेत. मी ती अजून उघडलेली नाहीत. आधी काटोलचा मुलगा वाचणार आहे.